कुंतलवैभवची केस

“कायदा हा समाजपुरुषाचा कणा आहे, आणि तो ताठ ठेवण्यासाठीच ईश्वराने वकील जन्माला घातला!” दीनानाथ टिपणीस, बी.ए., एलएल.बी., खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले.

“पाय वर घ्या, वकीलसायेब,” कारखान्यातली गुणाबाई केरसुणी सरसावत म्हणाली. “खालचा हिरडा झाडायचा हाय.”

कण्याने निमूटपणे पाय वर घेतले. उद्याच्या दाव्याची तालीम ऐकायला गुणाबाई आणि हिरड्याची पोती सोडली, तर दुसरं कोणी नव्हतं.

पनवेलच्या दाजीशेठच्या औषधी कारखान्यात टिपणीस पगारी वकील होते. कोर्टातले वकीलमित्र त्यांना ‘काढ्याचे वकील’ म्हणत. म्हणोत बापडे! ते कोर्टाच्या व्हरांड्यात अशिलाची वाट बघत उभे असत, आणि टिपणीसांना सकाळी चहा, दुपारी ताक आणि एक तारखेला पगार बसल्या जागी मिळे. उणीव एकच होती. इतकी वर्षं होऊनही त्यांची नेमणूक ‘तात्पुरती’ होती.

नेमणुकीच्या दिवशी दाजीशेठनी पदवीच्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते टिपणीसांच्या कपाळाच्या वरच बराच वेळ बघत राहिले होते. बुद्धीचं तेज जाणकाराला दिसतंच, असा टिपणीसांनी त्याचा अर्थ लावला. तेज होतंच, त्याभोवती काळ्याभोर, मागे वळवलेल्या केसांची महिरपही होती. घाऊक व्यापारी आले की दाजीशेठ आपली लाल पगडी सावरत म्हणत, “हे आमचे वकील. नीट बघून घ्या.” व्यापारी बघत, आणि ‘कुंतलवैभव’ तेलाच्या दोन पेट्या जास्त मागवत.

दाजीशेठनी त्यांना खिडकीजवळची वाऱ्याची जागा देऊ केली होती. “वाऱ्याने कागद उडतात,” असं म्हणून टिपणीसांनी कोपरा पत्करला. महिन्यातून एकदा ते मुंबईला जात, हायकोर्टाचे ताजे निकाल चाळायला. हजामतही तिकडेच. त्यावरून नाक्यावरचा काशिराम न्हावी तिखटमीठ लावून सांगे, “एवढं रान डोक्यावर, पण आमची कात्री त्यांना विटाळते!”

कामात मात्र माणूस चोख. औषधांच्या जाहिरातींचा नवा कायदा आला, तेव्हा त्यांनी कारखान्यातून ‘समूळ’ हा शब्दच हद्दपार केला. ‘दमा समूळ नष्ट’ होता, त्याचं ‘दमेकऱ्यांस हितकर’ झालं. ‘टकलावर केस उगवतात’ याचं ‘केसांचे आरोग्य राखते’ झालं. कारखान्यातले वैद्यबुवा चिडले. “अहो, असं लिहिलंत तर रोग बरा होईल, पण तेल खपायचं नाही!”

तेल खपलं. आणि त्यातल्या सहा बाटल्या कोन गावच्या शिवा पाटलाच्या डोक्यात जिरल्या.

शिवा पाटील मिठागरांचा मालक, विधुर. दुसरं लग्न ठरलं होतं, म्हणून तो तेल चोळत बसला. केस आले नाहीत, लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या घसरून नाकावर आल्या, नवरी हसली आणि लग्न मोडलं. पाटलाने कारखान्यावर नुकसानभरपाईचा दावा ठोकला.

“टिपणीस,” दाजीशेठ म्हणाले, “जिंकलात तर कायम. हरलात तर तुमच्या मित्रांबरोबर व्हरांड्यात.”

तालमीच्या दुसऱ्या दिवशी पनवेलच्या कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. न्यायाधीशसाहेबांचंही डोकं वरून मोकळं होतं, त्यामुळे ते जातीने लक्ष घालत होते.

“सायेब, ह्यो बगा!” शिवाने टोपी काढली. “सा बाटल्या तेल सपला, डोका व्हता तसाच हाय. आनि त्यांचा वकील बगा! डोक्याव जंगल हाय. वकीलसायेब, तुमी हाच तेल लावता का नाय? खरा सांगा!”

सगळं कोर्ट टिपणीसांच्या डोक्याकडे बघू लागलं. वर पंखा गरगरत होता. टिपणीस एक पाऊल बाजूला सरकले.

“मी इथे वकील आहे, साक्षीदार नव्हे,” ते शांतपणे म्हणाले. “माझ्या डोक्याची कसलीही जबाबदारी कारखाना घेत नाही.”

काय हा विनय, असं मागे कोणीतरी पुटपुटलं.

मग टिपणीसांनी बाटली उचलली. “युवर ऑनर, लेबल वाचावं. ‘केसांचे आरोग्य राखते.’ आहेत ते केस राखते. पाटलांनी पहिली बाटली फोडली तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस किती होते?”

“एकबी नाय,” शिवा प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग केसच नाहीत, तिथे केस कसली?”

कोर्टात हशा पिकला. शिवासुद्धा हसला. दावा खर्चासह फेटाळला गेला, आणि न्यायाधीशसाहेबांनी पुराव्यातली बाटली नाइलाजाने परत केली.

संध्याकाळी दाजीशेठनी टिपणीसांना आपल्या खोलीत बोलावलं, दार आतून लावलं आणि कायम नेमणुकीचा कागद पुढे ठेवला. टिपणीसांचा कणा कधी नव्हे इतका ताठ झाला. आता युक्तिवादाची तारीफ होणार!

“टिपणीस,” दाजीशेठ आवाज खाली आणत म्हणाले, “तुम्ही दर महिन्याला मुंबईला जाता.”

“हो. हायकोर्टाचे निकाल...”

“ते असू दे.” दाजीशेठनी दोन्ही हातांनी लाल पगडी उचलून टेबलावर ठेवली. कंदिलाच्या उजेडात त्यांचं डोकं घासलेल्या तांब्यासारखं लखलखलं. “पुढच्या खेपेला जाल ना, तेव्हा तुमच्या त्या टोपवाल्याला माझंही माप देऊन या.”