बारीक विणीचं जाळं

ओढ्याच्या मुखाशी बुचाचे तुकडे तरंगताना दिसले आणि स्वेनुंगचं वल्हं हवेतच थांबलं. त्याच्या तळ्यात कुणीतरी जाळं लावलं होतं. त्याने होडी जवळ नेली, दोरी उचलली आणि जाळं दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. भोकातून करंगळीसुद्धा जाईना.

"तालेफ," तो गुरगुरला. "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? थडग्यात पाय गेले तरी मेल्याची खोड जात नाही."

होडीच्या दुसऱ्या टोकाला त्याची सून, हाल्वोरची बायको बर्गिट, पोटावर शाल ओढून बसली होती. पाचवा महिना सरत आला होता.

"काकांना शिव्या देऊ नका, बाबा," ती म्हणाली. "जाळं मी लावलंय."

या तळ्यावर बारीक विणीचं जाळं चालत नाही, हा कायदा कुठल्या सरकारचा नव्हता, स्वेनुंगचा होता. मोठ्या विणीतून पिल्लं निसटतात, वाढतात, आणि मग हाताला लागतो तो कोपरापर्यंत लांब ट्राउट मासा. या कायद्यापायी त्याने भावाचं जाळं भर काठावर जाळलं होतं, आणि तेव्हापासून तालेफने त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. पण मासे मात्र वर्षागणिक मोठे होत गेले. दर रविवारी चर्चबाहेर स्वेनुंग दोन्ही हात फाकवून लोकांना त्यांची लांबी दाखवायचा, आणि खरं सांगायचं तर फार वाढवूनही दाखवायचा नाही.

"कुणी दिलं तुला हे?"

"काकांनीच. म्हणाले, स्वेनुंगने जाळलं ते फाटकं होतं. चांगलं माळ्यावर आहे."

स्वेनुंगचे कान लाल झाले. "सरक बाजूला. मी काढतो वर. किती पिल्लांचा जीव घेतलास ते बघ तुझ्या डोळ्यांनी."

तो जाळं ओढू लागला. हातभर हातभर करत ते वर येत राहिलं, निथळत, स्वच्छ. अर्ध्यावर आल्यावर त्याने ओढण्याचा वेग कमी केला. शेवटची दोरी हाती आली तेव्हा होडीच्या तळाशी ओल्या जाळ्याचा ढीग पडला होता आणि त्यात बर्चची दोन पानं होती.

"काल चांदणं होतं," स्वेनुंग म्हणाला. "चांदण्यात त्यांना जाळं दिसतं."

"इथे आल्यापासून आठवडाभर लावतेय मी. रोज जागा बदलून. मधे ढगही होते."

"आणि मग मोठे कुठून येतात? आभाळातून पडतात?"

"मोठे आहेत ते जुने आहेत, बाबा. खाणारी तोंडं कमी झाली म्हणून फुगलेत. त्यांच्यामागून कुणी येत नाहीये. काल तुम्ही आणलेला मी चिरला. आतून पांढराफटक. सासूबाई तर सांगायच्या, आपल्या तळ्यातला मासा आतून लाल निघतो."

"म्हातारा मासा फिकाच असतो."

"ती लाली तळातले बारीक झिंगे खाऊन येते. झिंगे गेले, गोगलगायी गेल्या. यंदा बेडकं तरी ओरडलेली ऐकलीत का? रेडिओवर सांगत होते, समुद्रापलीकडच्या धुराड्यांचा धूर दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर येतो आणि पावसातून खाली उतरतो. पाणी आंबट होतं. अंडी फुटतच नाहीत."

"जन्मभर पितोय मी हे पाणी. कधी आंबट लागलं नाही."

"तुम्ही अंड्यात नव्हता ना."

मार्चमध्ये बर्फावर करड्या काजळीची साय धरते, ती गोठ्यापुढून स्वेनुंगने स्वतः फावड्याने खरवडली होती. कुणाजवळ बोलला नव्हता, एवढंच.

"हाल्वोर शनिवारी लाकडाच्या गिरणीतलं काम सोडतोय," बर्गिट म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुमच्या शब्दावर. तळं आहे तोवर हे घर उपाशी राहायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. बाळ धरून आम्ही तिघं इथे कायमचे राहायला येणार. त्याआधी तळ्यात पिल्लं उरलीत का, मला एवढंच बघायचं होतं."

स्वेनुंगने खाली पाहिलं. पार तळाचे दगड दिसत होते, एकेक वेगळा. शहरातून येणारे लोक या नितळ पाण्याचं तोंड भरून कौतुक करायचे, आणि तो ते खुशाल घ्यायचा. आज त्यात वळवळणारं काहीच दिसेना, आणि त्याला त्या पाण्याची भीती वाटली. घराच्या पाठीमागे खडक होता आणि पुढे हे तळं. बटाटे निघायचे ते नाताळपर्यंत पुरायचे. जागा विकावी तर घेणार कोण, आणि सोडून जावं तर या वयात कुठे? भावाचं जाळं जाळता आलं होतं. वाऱ्याशी कसं भांडायचं हे त्याला माहीत नव्हतं.

"चला घरी, बाबा. हात बघा कसे गारठलेत."

त्याने होडी वळवली, पण घराकडे नाही. पलीकडच्या कड्याखाली दुसरा ओढा तळ्याला मिळत होता. त्याच्या लहानपणी तिथल्या वाळूवर नुसती सावली पडली तरी चिमुकल्या माशांचा थवा उधळायचा. तिथे पोचल्यावर स्वेनुंगने जाळ्याचा गुंता सोडवायला घेतला. बर्गिट मदतीला वाकली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. एकेक पदर सुटा करत, कुठे पीळ राहणार नाही असं बघत, त्याने ते सगळं जाळं आपल्या हातांनी पाण्यात सोडलं. शेवटचं बूच दूर सरकून स्थिर झालं.

तो गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसला.

"एखादं बारकं तरी अडकू दे," तो पुटपुटला. "एक तरी."