अनुभवाचा दाखला

साहेब, चोर तुम्ही आहात.

चाकणच्या तुमच्या हॉस्पिटलात नजमा अकरा वर्षं राबली. शिक्षण ए.एन.एम.चं, म्हणजे मदतनीस नर्सचं. पण अख्खा वॉर्ड तिच्याच जिवावर चालायचा. कागदावर मात्र रजिस्टर्ड नर्स दाखवावी लागते, म्हणून तुम्ही मिनल मॅडमचं सर्टिफिकेट भिंतीला लावलंत. मॅडम रावेतला घरी बसून. आणि "एवढं काय गं, सहीच तर करायचीय," म्हणत त्यांच्या नावाची सही तुम्ही रोज नजमाकडून करून घेतलीत.

यंदा पुढचा कोर्स करून नजमाला स्वतःच रजिस्टर्ड नर्स व्हायचं होतं. कॉलेजनं अनुभवाचा दाखला मागितला, म्हणून ती हौसेनं तुमच्या ऑफिसात गेली. क्लार्क समाधाननं सगळी रजिस्टरं चाळली आणि मान खाली घातली.


"नजमाताई, तुमची एकबी सही न्हाई ओ यात. या वॉर्डाचा अकरा वर्षांचा दाखला परवाच मिनल मॅडम घेऊन गेल्या, त्यांना पुढच्या कोर्सला पायजे होता."

या अकरा वर्षांत नजमाच्या हातून एखादा पेशंट दगावला असता, तर साहेब, तेव्हा कुणाला धरलं असतंत? बोला!