क्वेसारांमधली कोरी जागा

आताकामा वाळवंटातल्या डोंगरावरच्या वेधशाळेत आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या भोकं पाडलेल्या चकतीत हाताने प्रकाश वाहून नेणारे काचतंतू खोवतो. आकाशातल्या एकेका क्वेसारसाठी, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत गाभ्यासाठी, एकेक भोक. क्वेसार घोळक्याने असतात, म्हणून भोकंही दाटीने येतात.

माझी बायको एर्सिलिया गेल्यापासून प्रत्येक चकतीत एक जागा कोरी येते, तिच्या पंजाएवढी. आकाशाचा भाग दर वेळी वेगळा असतो.

"एलादियोकाका, रजा घ्या," मी हे सांगितल्यावर सोबतची नोल्फा हसून म्हणाली. "उद्या पावावरच्या डागांतही काकू दिसतील."

मी नवी चकती कडांना पकडून उन्हात धरली. जमिनीवर उजेडाचे ठिपके पडले आणि मधे सावलीचा हात. आज त्याची बोटं मिटलेली होती, दुसऱ्या एका सावलीच्या हातावर. त्या हाताला करंगळी नव्हती, माझ्या डाव्या हाताला नाही तशी.

नोल्फा हळूच म्हणाली, "काका, डावा हात खिशात घाला. काकू ओढून नेतील."