जर्शीच्या पोटची देवणी

वासरू जमिनीवर पडलं आणि म्हाळसाबाई चक्रावल्या. गाय जर्शी, तांबूस, बिनवशिंडाची. आणि वासरू पांढरंशुभ्र, अंगावर काळे ठिपके, कान लांब लोंबणारे. चक्क देवणी जातीची कालवड!

"डॉक्टर, माझ्या गाईच्या पोटात हे कुठनं आलं?"

गुरांच्या डॉक्टरांनी हात धुता धुता पुन्हा सगळं समजावलं. एका जातिवंत देवणी गाईचं बीज काढलं, देवणी वळूच्या बीजाशी बाहेर काचेच्या भांड्यात जुळवलं. गर्भ धरला, तो आणून तुमच्या जर्शीच्या पोटात ठेवला. जर्शीनं तो वाढवला. मुलानं, भीमाशंकरनं, गेल्या वर्षी हेच घरात सांगितलं होतं आणि म्हाळसाबाईंनी मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं, समजणं वेगळं. सासऱ्यांच्या काळी त्यांच्या निर्णा गावात सगळ्यांच्या गाईंसाठी एक वळू असायचा. मग वळूचं बीज भरलेली डॉक्टरांची नळी आली आणि वळू गेला. तेही त्यांनी कुरकुरत पचवलं. आता तर गाईचं बीजही उसनं! मग गाईचं म्हणून उरलं काय, हे त्यांना कळेना.

सून भाग्यलक्ष्मी गोठ्याच्या दाराशी उभी होती. हेच शब्द तिनं आठ दिवसांपूर्वी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ऐकले होते. तुमच्या बीजात जोर उरलेला नाही, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल, नवऱ्याचं मात्र चालेल, गर्भ तुमच्याच पोटात वाढेल. भीमाशंकर तयार होता. "पर तू म्हणशील तसं," असं म्हणून तो मोकळा झाला होता. हो की नाही, ते उद्या जाऊन सांगायचं होतं. म्हाळसाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. सून गोळ्या आणायला जाते, एवढंच त्यांना ठाऊक.

भाग्यलक्ष्मीला लेकरू हवं होतं, फार हवं होतं. पण जन्मेल ते आपलं म्हणायचं की त्या कधी न पाहिलेल्या बाईचं? चुलीपुढं बसली की हो वाटे आणि पाण्याला निघाली की नको वाटे. विचार करून करून तिचं डोकं पिकलं होतं.

डॉक्टरांना मन्नाएखेळ्ळीला सोडायला भीमाशंकरनं मोटारसायकल बाहेर काढली. ती सुरू होईना तसा तो तिच्यावरच खेकसला आणि मग स्वतःच खो खो हसला. भिंतीपलीकडून शेजारच्या रुद्रम्मानं टोला हाणला, "बघा बघा! राग बी आईचा, हसणं बी आईचं. खाण तशी माती!"

म्हाळसाबाई हसल्या. भाग्यलक्ष्मीनं मात्र तोंड फिरवलं. तिच्या लेकराला बघून उद्या कोण असं म्हणणार? मोटारसायकल गेली, रुद्रम्माही घरात गेली.

"जा, मीठ घिऊन ये," म्हाळसाबाई म्हणाल्या. "परक्याचं लेकरू हाय. ही काय त्याला जवळ करायची न्हाई."

घरात मेंढरं होती तेव्हाची ही रीत. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं झालं की त्याच्या पाठीवर मीठ चोळायचं. मेंढी मिठासाठी चाटते आणि चाटता चाटता तिचा जीव जडतो. भाग्यलक्ष्मी आत गेली. मिठाचं वाडगं घेऊन परतली तर जर्शीनं कालवड नाकापासून शेपटीपर्यंत चाटून लख्ख केली होती. म्हाळसाबाई पुढं झाल्या तशी गायीनं त्यांच्यावरच डोकं उगारलं. कालवड धडपडत उठली आणि कासेला लागली.

"आता गं बाई," म्हाळसाबाई मागं सरत म्हणाल्या, "हिला कुणी सांगितलं हे हिचं हाय म्हणून?"

"आत्याबाई, मग हे वासरू कुणाचं म्हणायचं?"

"मला काय कळंना बघ. बीज एकीचं, पोट दुसरीचं."

"आन् माणसात असं झालं तर?"

"कामून इचारायलीस?"

भाग्यलक्ष्मीनं मुकाट राहायचं ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर पडलं. "डॉक्टर माझ्या बी पोटात असंच ठेवतो म्हणायलेत. दुसरीच्या बीजाचं. उद्या जाऊन सांगायचं हाय. ते लेकरू मला आई म्हणंल, पर मी खरंच त्याची कोण लागंन? तुमीच सांगा. तुमी न्हाई म्हणलात तर मी जात न्हाई."

बोलता बोलता तिला हुंदका फुटला. आता सासू काय बोलेल, घरात ठेवेल की माहेरी धाडेल, याची तिला धास्ती वाटत होती. म्हाळसाबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी भिंतीपलीकडं वाकून पाहिलं. रस्त्यावर दूरवर नजर टाकली. मग सुनेच्या हाताला धरून तिला गव्हाणीच्या कडेवर बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ टेकल्या.

"मी सांगते ते तुझ्या मामंजीबिगर कुणाला ठाऊक न्हाई. भीमाशंकरला तर कधीच कळू द्यायचं न्हाई. शप्पत घे."

भाग्यलक्ष्मीनं गोंधळून मान हलवली. म्हाळसाबाईंचा आवाज अगदी खाली आला.

"उद्या जा आन् व्हय म्हण. तुझं लेकरू नऊ म्हैने तुझ्या पोटात तरी राहील. माझा भीमाशंकर तर माझ्या पोटात बी नव्हता."