दोन बादल्या

लेण्यांमागच्या कच्च्या वाटेनं पर्यटकांना डोंगरावर नेणारी पुंडलिकमामांची जीप सात वर्षं फर्दापूरच्या घरापुढं उभी होती. लकव्यानं ते खाटेवर पडले तेव्हापासून. एकदा तरी तिचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं. म्हणून केसरबाईंनी नवऱ्यासाठी संभाजीनगरहून मिस्त्री बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन लखलखत होतं, वर हळदीकुंकवाची बोटं. हवेचा पाइप मात्र निखळला होता. इंजिनाचं हेड खोललं तर त्या पाइपाच्या तोंडातून शिरलेल्या पाण्यानं पिस्टन गंजून सिलिंडरातच जाम झाले होते. "इंजिन कोण धुतं?" "मीच. दर दसऱ्याला, दोन बादल्या वतून. हे म्हणले व्हते, धूळ बसू देऊ नको." खाटेवरून प्रश्न आला, "चालू झाली का?" मिस्त्रीनं बॉनेट लावलं. "वय झालं तिचं, मामा." केसरबाई बादली घेऊन उभ्या होत्या. "परवा दसरा हाय. धुऊ का?" "धुवा," मिस्त्री म्हणाला.