हत्यार जमा

सकाळपासून बालाजी हवालदाराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहाचा घोट घ्यायचा, पेला तसाच ठेवायचा आणि रस्त्यावर जाऊन यायचं. शेवटी नाक्यावरची शिपाई मल्लेश्वरी म्हणाली, "सर, बसा की जरा. उन्हात कामून फिरायलाव?"

"निवडणुकीचा नाका हाय बाई. बसून कसं चालंल?"

खरंच होतं ते. निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करायचं, हा नियम. पण माणसं कुठं ऐकतात? म्हणून यंदा नाक्यावरच सोय केली होती. गाडीचा नंबर मोबाईलवर टाकला, की मालकाकडं हत्यार आहे का नाही ते कळायचं. कळतं ते बरंच. पण आत भरलेलं पिस्तूल आहे हे ठाऊक असून काचेवर टकटक करायची, म्हणजे काय चेष्टा आहे? मागच्या निवडणुकीला एका दारुड्यानं असंच हत्यार काढलं होतं. गोळी शिपायाच्या मांडीत घुसली. बालाजी तेव्हा त्या शिपायाच्या शेजारीच उभा होता.

दुपार कलत असताना करजगीकडून एक पांढरी गाडी आली. मल्लेश्वरीनं नंबर टाकला आणि तिचा चेहराच उतरला.

"सर, याच्याकडं पिस्तूल हाय. जमा केलेलं न्हाई."

बालाजीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "तू मागं थांब. मी बोलतो."

गाडी चालवणारा माणूस चाळिशीचा होता. शेजारी बायको. बालाजी काचेपाशी पोचायच्या आतच त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

"नमस्कार साहेब. मी संघपाल. परवान्याचं पिस्तूल हाय माझ्या कमरेला. मी हात लावीत न्हाई."

"शाब्बास. हात तिथंच असू द्या." बालाजी काचेपाशी थांबला. "जमा कामून केलं न्हाई?"

उत्तर बायकोनं, दीपमालानं दिलं. "साहेब, उद्या कलबुर्गीच्या कोर्टात साक्ष हाय यांची. वाळूवाल्यांनी नदीकाठी माणूस मारला, ते यांनी डोळ्यांनी बघितलं. बाकीचे साक्षीदार फुटले. हे एकटेच ऱ्हायलेत. लई धमक्या आल्या, म्हणून तर सरकारनं परवाना दिला. पिस्तूल उशाला असलं तरच यांचा डोळा लागतो."

"सूट मिळावी म्हणून अर्ज केलाय," संघपाल म्हणाला. "अजून उत्तर न्हाई. उद्याची साक्ष होऊ द्या साहेब, कोर्टातून सरळ ठाण्यात येतो."

"असं चालत न्हाई, पाव्हणं." बालाजी खिडकीवर वाकला. "गुन्हा लागला तर? उद्या समोरचा वकील काय म्हणंल? हत्यार लपवून फिरणारा साक्षीदार! साक्ष मातीत जाईल की तुमची."

हे मात्र संघपालच्या वर्मी लागलं. साक्षीसाठीच तर एवढा जीव मुठीत धरून तो बसला होता.

मल्लेश्वरी पुढं आली. "सर, ठाण्यात विचारू का? सूट मिळाली बी असंल."

"मला शिकवायलीस का?" बालाजी एकदम खेकसला. मग स्वतःच वरमला. "मी लावतो फोन. मोकळ्या हातानं यांना असं कसं सोडायचं? सोबत मागवतो." तो पुन्हा खिडकीकडं वळला. "हे बघा, मी बी आपल्याच भागातला, चिंताकीचा. तुम्हाला काय परका हाय का मी? पुढं ओढ्याचा पूल लागतो ना, तिथं आपली जीप उभी करायला लावतो. माणसं साध्या कपड्यात असतील, घाबरू नका. जीप दिसली की गाडी थांबवा. ते कलबुर्गीपर्यंत सोडतील."

संघपाल बायकोकडं बघत राहिला.

"द्या हो," दीपमाला म्हणाली. "पोलिसांची जीप संगं असल्यावर हे लोढणं कशाला पाहिजे? आजच्या दिस तरी नीट झोपा."

संघपालनं दोन बोटांनी पिस्तूल काढलं आणि मल्लेश्वरीच्या हातात दिलं. तिनं गोळ्या काढून घेतल्या, पोचपावती लिहून दिली. संघपालचा हात मात्र दोन-तीनदा रिकाम्या कमरेकडं गेला. आपलं आपल्यालाच कळून तो ओशाळून हसला.

बालाजीनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. पिस्तूल सुटलं एकदाचं! एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यानं छातीभर श्वास घेतला.

"अण्णा," दीपमालानं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. "तुमचे उपकार फिटायचे न्हाईत बघा."

बालाजीला तिच्याकडं बघवेना. "निघा, निघा. उशीर व्हायलाय," तो रस्त्याकडं बघत म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. मल्लेश्वरी पिस्तूल पेटीत ठेवायला तंबूत शिरली. बालाजी कडुलिंबाच्या पार पलीकडं गेला आणि त्यानं फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"निघालेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पिस्तूल काढून घेतलंय. न्हाई, न्हाई, गाडी आडवी घालू नका. पुलापाशी आपणहून थांबतील, पोलिसांचीच जीप म्हणून." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बालाजीनं तंबूकडं एकवार बघून घेतलं.

"व्हय. बाई बी हाय संगं."