अर्धी गिरकी

मुंबईच्या एका क्लबमध्ये वाढप्याचं काम करताना मी साहेबलोकांचा स्विंग नाच पाहिला आणि वेडाच झालो. दिवाळीला टेप आणि त्या गाण्यांची कॅसेट घेऊन वैशाखऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर आलो. हा नाच जोडीनं करायचा, म्हणून माझ्या बायकोला, भिमीला उभी केली. पावलं तिनं झटक्यात उचलली. पण हात वर धरून तिला गिरकी द्यायला गेलो की अर्ध्यातच थांबायची, टेपाकडं तोंड करून. रोज तेच. डोकं फिरलं माझं.

"अगो, पुरी फिर ना! पायांत खिळे ठोकलेत का?"

"वाजवनाऱ्याला पाठ दावायची नाय," भिमी म्हणाली. "तारप्याला कोन पाठ दावतो का?" आमच्याकडं तारपा फुंकणारा मधे असतो आणि सगळे त्याच्याकडं तोंड ठेवून भोवती फेर धरतात.

"हा तारपा नाय, टेप हाये! आत मानूस नाय बसलेला!"

"मंग वाजवतो कोन?"

वैतागून मी टेप उचलला आणि अंगणाच्या मधोमध आदळला. "घे, नाच त्याच्याच भोवती!"

तिनं खरंच फेर धरला. शेजारची रुपा आली, मग माझी आई, मग अख्खा पाडा. एकमेकांच्या कमरेत हात घालून सगळे त्या विलायती गाण्यावर टेपाभोवती फिरू लागले. मला राहवेना. मीही फेराच्या टोकाला जोडून घेतलं, आणि गाणं रंगात आल्यावर झोकात एक पुरी गिरकी मारली.

आईनं दंडाला धरून मला फेराबाहेर काढलं.

"मुंबयला जाऊन ह्येच शिकला का रे? वाजवनाऱ्याला पाठ दावतो!"